एस्टिलच्या शेजारची जागा

ट्रेस फोर्क, केंटकी
३० मे २०१८

प्रिय डेन्व्हर,

फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच तोंड घालतोस. पत्रात घालता येत नाही, म्हणून पत्र.

रविवारी चर्चच्या टेकडीवर फुलं वाहायचा दिवस होता. सगळं खोरं आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी जमलं होतं. ओहायोच्या कारखान्यांत गेलेले आले, मिशिगनला गेलेले आले. म्हातारा वर्गिल तर नाकात प्राणवायूची नळी घालून चाकांच्या खुर्चीत आला आणि त्याला चौघांनी उचलून वर नेलं. तू पाऊण तासावर राहतोस. तुझ्या बापाने नकाशावर बोट ठेवून तुझं नाव डेन्व्हर ठेवलं, की पोरगा लांबवर जाईल. गेलास तू, पण पाऊण तास, आणि तेवढ्यावरूनही तुला परत येता येत नाही.

तुझ्या बापाच्या, एस्टिलच्या, दगडावरचं शेवाळ मी या गुडघ्यांनी खाली बसून घासलं. त्याच्या पलीकडे आपल्या रूबीचा दगड आहे, त्यावर कोरलेल्या कोकराचा कान तुटला होता, तो चिकटवला. तुला ती बहीण बघायला मिळाली नाही, म्हणून तुला तिचं काही वाटत नाही, हे मी समजू शकते. मग एस्टिलच्या दगडाचा माझा अर्धा भाग घासला. ओर्फा मे स्लोन, जन्म १९४०, आणि पुढे कोरी जागा. आपलं नाव आपणच घासायचं यात मला काही वाटत नाही. आगाऊ भाडं भरून ठेवलेल्या खोलीसारखं वाटतं ते.

खाली झाडाखाली जेवणं चालली होती. कर्टिस रे मलिन्स हातात कोंबडीची तंगडी घेऊन माझ्यासमोर येऊन बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ओर्फा काकू, डेन्व्हर माझ्याविरुद्ध उभा राहतोय म्हणे! अपक्ष!"

मला माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखं तोंड केलं आणि म्हटलं, "राहू दे की उभा. लहानपणी रांगायलासुद्धा उशिरा लागला होता तो." सगळे हसले. तुझी अब्रू देऊन मला माझी वाचवावी लागली. पोरगा निवडणुकीला उभा राहतो आणि आईला ते तंगडी चघळणाऱ्या माणसाकडून कळतं, याला काय म्हणायचं ते तुझ्या पुस्तकात बघून सांग.

तर तुला काउंटी जज व्हायचंय. नावाला जज, ना निकाल द्यायचा, ना शिक्षा. कुणाच्या रस्त्यावर खडी पडायची आणि कुठल्या ओढ्यावर पूल व्हायचा, एवढंच ते काम. ते कर्टिस गेली आठ वर्षं करतोय. त्याची स्वतःची खडीची खाण आहे. तू म्हणशील, आई, तेच तर दुखणं आहे. असेल बाबा. पण खडी दारात पडल्याशी मतलब. ती कुणाच्या खाणीतली, हे गाडीचं चाक विचारत नाही. शिवाय तो आपल्या ब्रदर लॉनीचा मेव्हणा. पाळकाच्या मेव्हण्याशी भांडण म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. तू शाळेत नागरिकशास्त्र शिकवतोस, तेच शिकव. पोरं ऐकत नाहीत, पण निदान तुला पगार मिळतो.

सूनबाईला, वांडाला, विचारलंय म्हणून सांग. तिच्या पंथात अजून बाप्तिस्म्याला डोक्यावर चमचाभर पाणी शिंपडून भागवतात का?

तुझी आई

&nbsp;

ट्रेस फोर्क
६ ऑगस्ट २०१८

डेन्व्हर,

तू चर्चला पाठवलेलं पत्र काल सगळ्या मंडळीपुढे वाचून दाखवलं गेलं. ब्रदर लॉनीने ते तुझ्या आवाजात वाचलं, नाकातून. 'ज्या धर्मसंस्थेला कर माफ आहे, तिने व्यासपीठावरून कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करू नये, असा कायदा आहे.' माणसं पोट धरून हसली. मीही हसले. कुणीतरी तुला सांगेलच, म्हणून मीच सांगते.

त्याने असं काय मोठं पाप केलं? प्रवचन झाल्यावर म्हणाला, "कर्टिस रे देवाचा माणूस आहे. मत ज्याला द्यायचं त्याला द्या, पण देताना देव बघतोय हे विसरू नका." एवढंच. आणि तू लगेच कायद्याची पोथी काढलीस.

मंगळवारी तू घरी आलास तेव्हा मी तुला नीट विचारलं होतं. कोळशाची कंपनी सांगते कुणाला मत द्या. युनियन सांगते. दाढी करता करता न्हावीसुद्धा सांगतो. मग ज्याने स्वर्ग आणि पृथ्वी केली, त्याच्याच घराने तेवढं तोंड शिवून बसायचं?

तू म्हणालास, "आई, न्हावी कर भरतो."

मी विचारलं की जेवणार का.

मग तू गप्प बसायला हवं होतंस. पण तुला बोलायचंच होतं. "म्हाताऱ्या बायका देवाच्या नावाने दान टाकतात आणि त्यातून कर्टिसच्या पाट्या रंगतात. त्यांना बोलायचंय ना? खुशाल बोलू दे. मग बाकीच्यांसारखा कर भरा आणि बोला. दोन्ही हातांत लाडू कसे चालतील?" असं तू म्हणालास. मी म्हटलं, तुझ्या आज्याने ही टेकडी आणि चर्चची जागा देवाला दिली, तेव्हा तुझं सरकार कुठे होतं? तू म्हणालास, "आज्याने देवाला दिली, लॉनीच्या मेव्हण्याला नाही."

आता आठवड्याभराने शांत डोक्याने सांगते, ते वाक्य चांगलं होतं. पण आईच्या स्वयंपाकघरात आईला हरवणाऱ्या पोराला कुणी जज करत नाही. मी तेव्हा जे म्हटलं, की तू पडलास तर मला बरं वाटेल, ते रागात म्हटलं असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं.

तू ताटावरून उठलास. घेवडा आणि मक्याचा पाव कुत्र्याला घातला. त्याने खाल्ला, त्याला कायदा येत नाही.

आई

&nbsp;

१० सप्टेंबर

डेन्व्हर,

ब्रदर लॉनी येऊन गेला. विशेष काही नाही. कॉफी प्यायला, केकही खाल्ला. रविवारच्या शाळेत माझ्या हाताखाली होता, तेव्हापासून त्याला माझा केक आवडतो. माझे गुडघे, तुझा बाप, पाऊस, असंच सगळं बोललो. तुझा विषयसुद्धा काढला नाही त्याने.

निघताना दारात थांबून म्हणाला, "सिस्टर ओर्फा, टेकडीवर जागा फार थोड्या राहिल्यात हो. चर्चचा कारभार बघणारी आमची डीकन मंडळी म्हणतात, आता नियम काटेकोर पाळायचा. जो मंडळीच्या पाठीशी, त्यालाच टेकडी."

मी म्हटलं, "माझं नाव तर कोरलेलं आहे."

"व्हर्लिनचंही होतं," तो म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

व्हर्लिन हेस तुला आठवतो का? चर्चच्या दानाचा हिशोब मागायला लागला, म्हणून त्याला मंडळीतून काढलं. बायको टेकडीवर पुरलेली आणि तो गावात, टायरच्या दुकानामागे, हमरस्त्याच्या कडेला. मतदान हात वर करून झालं. मीसुद्धा हात वर केला होता. अर्धवट नाही, चांगला पूर्ण वर केला होता. शेजारच्या बाईला म्हटलंही, बरं झालं, बायकोला आता तरी शांत झोप लागेल, मेला घोरायचा फार. आम्ही दोघी हसलो.

मी हे तुला घाबरवायला लिहीत नाही. मी स्वतःही घाबरलेली नाही. नियम वाईट माणसांसाठी असतात.

पण तू अर्ज मागे घे. निवडणुका काय, चार वर्षांनी पुन्हा येतात. तुझे केस तोवर पांढरे होतील, लोकांना पांढऱ्या केसांचा जज आवडतो. वांडाला आवडलं नाही तर तिला सांग, आईची तब्येत बरी नाही. खोटं नाही ते, परवा जिना चढताना छातीत कळ आली होती.

याच आठवड्यात मागे घे. उत्तर लिही. एका ओळीचं चालेल.

आई

&nbsp;

ट्रेस फोर्क
१५ ऑक्टोबर २०१८

डेन्व्हर,

तू उत्तर लिहिलं नाहीस. रस्त्याच्या वळणावर मात्र तुझी नवी पाटी लागली. तेच उत्तर समजले.

काल काय झालं ते तुला आजपर्यंत लोकांनी सांगितलंच असेल, आणि लॉनीच्या बायकोने ते फेसबुकवर टाकलंय, तेव्हा तू पाहिलंही असशील. तरी माझ्या तोंडून ऐक.

गाणी झाल्यावर लॉनीने पुढे खुर्ची ठेवली आणि कर्टिसला तीवर बसवलं. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. आजाऱ्यावर, मिशनला निघालेल्यावर, लष्करात चाललेल्या पोरावर तेल लावून हात ठेवतात आणि प्रार्थना करतात. तुझ्यावरही ठेवले होते, घटसर्प झाला होता तेव्हा. उमेदवारावर हात ठेवलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मी आपली माझ्या बाकावर बसले होते. लॉनी म्हणाला, "आज प्रार्थना सिस्टर ओर्फा करतील."

सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं.

मी पुढे गेले. त्याने माझ्या तळहातावर तेल ओतलं आणि कानाशी म्हणाला, "नाव घेऊन करा." मी विचारलं, "कुणाचं?" तो म्हणाला, "दोघांचंही."

हे सगळं फेसबुकवर नाही. त्याच्या बायकोने फोन धरला तो माझं तोंड उघडल्यापासून.

खोऱ्यात माझ्यासारखी प्रार्थना कुणी करत नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, सगळेच म्हणतात. तुझा बाप म्हणायचा, ओर्फा प्रार्थनेला लागली की देवालाही मध्ये बोलता येत नाही. कर्टिसचं टक्कल घामाने ओलं होतं, त्यावर हात ठेवले आणि सुरू केलं. 'प्रभू, हा कर्टिस तुझा आहे, याच्या हाताला यश दे.' इथे थांबले असते तरी चाललं असतं. लॉनीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग म्हटलं, 'प्रभू, डेन्व्हर माझ्या पोटचा आहे, म्हणून मी त्याला ओळखते. त्याला गर्वाने धरलंय. त्याने तुझ्या घरावर कायद्याचा दगड उचललाय. प्रभू, त्याला पाड. प्रेमाने पाड, पण पाड. असा पाड की तो रांगत तुझ्या दाराशी येईल.'

आमेन इतक्या जोरात झालं की पाळण्यातली पोरं रडायला लागली. बायका मला मिठ्या मारत होत्या. लॉनी म्हणाला, "सिस्टर, स्वर्गात आज तुमचंच नाव." कर्टिसने माझा हात धरून मला गाडीपर्यंत सोडलं.

तू मनात म्हणशील, म्हातारीला धमकावलं असेल. नाव घे म्हणाला हे खरं. पण 'पाड' हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. तो माझाच. तोंडातून आला तेव्हा फार गोड लागला, आणि घरी येऊन कोट काढेपर्यंत तो गोडवा टिकला. त्या दिवशी मी जेवले नाही.

आई

&nbsp;

८ नोव्हेंबर २०१८

माननीय उमेदवार,

पडलास.

गावात पडलास ते पडलास, आपल्या खोऱ्यातही पडलास. ज्यांच्या पोरांना तू शाळेत शिकवलंस, त्यांनीही तुला मत दिलं नाही. कर्टिसचे लोक माझी प्रार्थना फोनवर घरोघर दाखवत फिरले. दुकानात एक अनोळखी बाई माझा हात धरून रडली. म्हणाली, "सख्ख्या आईला जे दिसलं, ते आम्हाला तुमच्यामुळे दिसलं." मी तिला म्हटलं, सगळं देवाचं आहे. मग मी पीठ घेतलं आणि घरी आले.

तुला वाटत असेल, आई मतदानाच्या आडोशाला गेली असेल आणि गुपचूप तुझ्या नावावर खूण करून आली असेल. आयांच्या गोष्टीत तसं असतं. मी नाही केली. कर्टिसच्या नावावर केली.

कर्टिसचं अभिनंदन केलंस का? केलं नसशील तर कर. मी तुला तेवढं वळण लावलं होतं.

सुकवलेल्या सफरचंदांचा केक केलाय, तुझ्या वाढदिवसाचा. येणार नाहीस हे माहीत आहे. सवय जात नाही.

आई

&nbsp;

ट्रेस फोर्क
११ फेब्रुवारी २०१९

डेन्व्हर,

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक मी पाहिले होते. घरालाच पलिता लावणारा पहिल्यांदा पाहिला.

कर खात्याचं पत्र आलंय चर्चला. कुणीतरी तक्रार केली आणि पुरावा म्हणून माझी प्रार्थना जोडली. लॉनी म्हणतो तूच. मी त्याला सांगितलं, माझा मुलगा असं करणार नाही. मग घरी येऊन विचार केला, आणि तूच. दुसरं कोण करणार? आईचा आवाज पाकिटात घालून सरकारला पाठवायचा, हे सुचायला स्लोन असावं लागतं. रागाने भाकरी जाळली मी. आणि खरं सांगू का, थोडं कौतुकही वाटलं. मार बसल्यावर गप्प बसणारा तू नाहीस, हे पाहून बरं वाटलं.

सरकार विचारतं, कर माफ असताना चर्चने उमेदवाराच्या पाठीशी जोर लावला का? हो म्हटलं तर माफी जाते. मग मागचा कर, दंड आणि काय काय. लेक्सिंग्टनहून वकील आणलाय. त्याने सांगितलं, लॉनी व्यासपीठावरून काय बोलला ते कुठेच नोंदलेलं नाही, ऐकणारे सगळे आपलेच. जे काही आहे ते एका म्हातारीच्या तोंडात आहे.

तेव्हापासून माझ्या बाकावर कुणी बसत नाही. लोक माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. बोलतात. "बरी आहेस ना ओर्फा?" म्हणतात आणि माझ्या उत्तराआधी कोट चढवायला लागतात. ज्या बायका मिठ्या मारत होत्या, त्यांच्यापैकी एक परवा म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं गं एवढं बोलायला?" आमेन म्हणताना हिचा आवाज सगळ्यांत वर होता.

काल लॉनी आला. कॉफीला नको म्हणाला. कागद घेऊन आला होता.

"सिस्टर ओर्फा, इथे फक्त सही करायची. तुम्ही त्या दिवशी स्वतःहून पुढे आलात. चर्चने सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही सप्टेंबरमध्येच मंडळी सोडली होती."

"मी सोडली?" मी म्हटलं. "अरे, मी बारा वर्षांची असताना ओढ्यातला बर्फ फोडून मला बुडवून बाप्तिस्मा दिला होता. तू जन्मला नव्हतास."

"कागदावर हो. फक्त कागदावर."

"आणि टेकडी?"

"माझा शब्द आहे तुम्हाला. वेळ आली की एस्टिलच्या शेजारीच ठेवू. गाजावाजा न करता."

"आणि मी खरं सांगितलं तर? तेल तू ओतलंस, नाव घे तू म्हणालास?"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "मग कर भरावा लागेल. विकण्यासारखं चर्चकडे काय आहे, सांगा? टेकडीच. घेणारा कर्टिस. त्याची खाण अगदी लागूनच आहे. मला वाईट वाटेल, सिस्टर."

हा मुलगा माझ्या वर्गात दहा आज्ञा म्हणताना अडखळायचा. आता एकही शब्द अडखळला नाही.

कागद टेबलावर आहे. रविवारपर्यंत मुदत दिली आहे. तुला विचारत नाही, नुसतं सांगते.

आई

&nbsp;

ट्रेस फोर्क
२५ मार्च २०१९

डेन्व्हर,

सही केली.

काल मंडळीची सभा होती. माझं नाव वाचलं, 'सप्टेंबरमध्ये स्वेच्छेने मंडळी सोडलेल्या' म्हणून. मी तिथेच बसले होते, मागच्या दाराजवळ, पाहुण्यांच्या बाकावर. लॉनी म्हणाला, मान्य असेल त्यांनी हात वर करा. हात वर झाले. वर्गिलनेसुद्धा केला, नळी सांभाळत. कुणी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं होतं की राग येईल. राग आला नाही, लाज वाटली. उघडं पडल्यासारखं झालं आणि मी कोटाची बटणं लावत बसले.

तिथून टेकडीवर गेले. चढताना तीनदा बसावं लागलं. डॉक्टर म्हणतो हृदय थकलंय, उन्हाळा निघेल असं वाटत नाही. त्याने हे बिल देतात तशा आवाजात सांगितलं.

माझं नाव काढून टाकलंय. यंत्राने घासून माझा अर्धा दगड गुळगुळीत केलाय. एस्टिलचं नाव आहे, मधलं फूल आहे, आणि अलीकडे काही नाही. खाली येऊन लॉनीला विचारलं. तो म्हणाला, "सरकारचे लोक पाहायला आले तर? नंतर पुन्हा कोरू की." मी विचारलं, "नंतर म्हणजे कधी?" तो म्हणाला, "नंतर." त्याची बायको गाडीत हॉर्न वाजवत होती.

गरज सरो, वैद्य मरो. त्याचा शब्द आहे, पण तो मला दिलाय, आणि मी मेल्यावर तो शब्द कुणाला विचारायला जाणार? मेलेल्या बाईला दिलेला शब्द मोडायला काही लागत नाही. व्हर्लिनलाही असंच काहीतरी सांगितलं असेल. आम्ही विचारलं नाही.

म्हणून हे पत्र. क्षमा मागायला बसले होते. दोन कागद फाडले. मला ते येत नाही, आणि आता शिकायला वेळ नाही. तुला पाडायचं होतं, पाडलं. मनापासून पाडलं. आज पुन्हा त्या खुर्चीमागे उभी केली तर तोंड उघडल्यावर काय बाहेर येईल, याची मला खात्री नाही. जे आहे ते आहे.

पण डेन्व्हर, मला एस्टिलजवळ झोपायचंय. मला रूबीजवळ झोपायचंय. तिला मी अकरा दिवस पाहिलं, आणि मग तिच्यापासून हाताच्या अंतरावर जागा मिळेल या आशेवर एवढं आयुष्य काढलं. मला गावातल्या दफनभूमीत परक्यांच्यात जायचं नाही. मला भीती वाटते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

माझं मढं उचलायचा हक्क कायद्याने तुझा. लॉनी दुसऱ्या कुणाला घाबरत नाही, तुला घाबरतो. तू दारात उभा राहून म्हणालास की आई टेकडीवर जाणार, तर जाईल. पण तेवढ्याने भागणार नाही. तुला कर खात्याकडून विचारणा होईल. तेव्हा तू सांगायचं की आई स्वतःहून बोलली, चर्चने काही केलं नाही. नाहीतर माफी जाईल, टेकडी विकली जाईल, आणि मी, तुझा बाप आणि रूबी, तिघंही कर्टिसच्या खडीत जाऊ. म्हणजे तुला खोटं बोलावं लागेल. वर्गात पोरांना जे शिकवतोस त्याच्या उलटं. लॉनी जिंकेल, कर्टिस जिंकेल, आणि तू पुन्हा एकदा पडशील, माझ्यामुळे. एवढं मागतेय मी.

किंवा तू खरं सांग, लॉनी काय म्हणाला ते माझ्या पत्रांत लिहिलेलं आहेच. तुझं बरोबर होतं हे सगळ्या काउंटीला दिसेल. मला गावात पुरून ये, दगडही लावू नकोस. कुणी तुला बोल लावणार नाही. उलट म्हणतील, जशास तसं झालं.

ठरवायचं तुला. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, ते तुला चांगलंच माहीत आहे.

आई